जामिनाची सही आणि दलालाची लिंक

कागलसारख्या तालुक्याच्या गावापर्यंत क्रेडिट कार्ड येऊन पोहोचले, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. २०२४ च्या आरंभी देशातील क्रेडिट कार्डांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली. एवढी कार्डे केवळ मुंबई-पुण्याच्या खिशांत मावणारी नव्हेत. कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत काम करणारा आणि दरमहा बँकेत पगार जमा होणारा तरुण कामगार, माध्यमिक शाळेतील शिक्षक, साखर कारखान्याचा कर्मचारी, मोबाइलचे दुकान चालविणारा पदवीधर, हे या कार्डांचे नवे गिऱ्हाईक आहे. नवल आहे ते कार्ड ज्या वाटेने त्याच्यापर्यंत येते त्या वाटेचे. बँकेचा माणूस पुष्कळदा त्याच्या दारात येतच नाही. त्याच्याच पाळीतला सोबती, त्याचाच मावसभाऊ, तालमीतला जोडीदार त्याच्या मोबाइलवर एक लिंक पाठवतो आणि सांगतो, ‘ह्यावरनं अर्ज कर, तुला बी पॉइंट, मला बी पॉइंट.’

या व्यवहाराला ‘रेफरल बोनस’ असे नाव आहे. अर्ज मंजूर झाला, कार्ड हाती आले, काही ठिकाणी ठरलेल्या मुदतीत ठरलेली खरेदीही झाली, की लिंक पाठविणाऱ्याच्या खात्यावर पॉइंट जमा होतात. ते साठवून विमानाचे तिकीट काढता येते, हॉटेलची खोली घेता येते. अशा रीतीने वर्षाकाठी एखादा प्रवास ‘फुकटात’ कसा करावा, याचे धडे देणारे उपदेशक मोबाइलच्या पडद्यावर उदंड झाले आहेत. उजळाईवाडीच्या विमानतळावरून उडणारे विमान ज्यांनी आजवर शेतातून मान वर करूनच पाहिले, त्यांच्या मुलांना हे स्वप्न मोहात पाडते यात अस्वाभाविक काही नाही. त्या स्वप्नाची टवाळी करण्याचेही कारण नाही. कष्टकऱ्याच्या मुलाने विमानात बसू नये असे म्हणणारा समाजवाद हा समाजवादच नव्हे. प्रश्न वेगळा आहे. त्या तिकिटाचे पैसे अखेर कोणाच्या खिशातून जातात, आणि ते तिकीट मिळविण्यासाठी तरुणाला आपल्याजवळचे काय विकावे लागते, हे दोन प्रश्न विचारल्याखेरीज या नव्या मोहाची परीक्षा होणार नाही.

फुकटाचा हिशेब

जगात फुकट काही नसते, हे बाजारात बसणाऱ्या भाजीवालीलाही ठाऊक असते. ते ठाऊक नसल्याचे सोंग फक्त जाहिरात आणते. क्रेडिट कार्डावरच्या पॉइंटांचा पैसा मुख्यतः दोन विहिरींतून उपसला जातो.

पहिली विहीर दुकानदाराची. गिऱ्हाइकाने कार्डाने पैसे दिले की त्या रकमेतून काही टक्के कापून उरलेले दुकानदाराच्या खात्यात जमा होतात. क्रेडिट कार्डासाठी ही कापणी साधारणतः दीड ते अडीच टक्के असते, आणि तिचा मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. दुकानदार हा भार स्वतः सोसत नाही. सोसू म्हटले तरी त्याला तो फार काळ सोसवत नाही. तो मालाच्या किमतीत मिसळतो. किंमत मात्र सर्वांना एकच असते. मग त्याच दुकानात शेजारी उभी राहून रोख नोटा मोजणारी शेतमजूर बाई, जिच्यापाशी कार्ड नाही आणि पॉइंटही नाहीत, ती त्या वाढीव किमतीतून कार्डवाल्याच्या प्रवासाला हातभार लावते. तिला ते ठाऊक नसते, आणि कार्डवाल्यालाही नसते. बाजारातील सगळ्यांत सुरक्षित लूट हीच, की जिच्यात लुटणारा व लुटला जाणारा हे दोघेही एकमेकांना ओळखत नाहीत.

ही केवळ कल्पना नव्हे. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या बोस्टन शाखेतील अर्थतज्ज्ञांनी २०१० साली हा हिशेब मांडला. रोखीने व्यवहार करणारे सरासरी कुटुंब वर्षाला १४९ डॉलर कार्डवाल्यांच्या पदरात टाकते आणि कार्ड वापरणाऱ्या सरासरी कुटुंबाला वर्षाला १,१३३ डॉलर मिळतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासाने पॉइंटांच्या या व्यवस्थेतून अमेरिकेत दरवर्षी सुमारे १५ अब्ज डॉलर कमी शिकलेल्यांकडून अधिक शिकलेल्यांकडे आणि गरीब वस्त्यांकडून सधन वस्त्यांकडे वाहतात, असे दाखवून दिले. पाणी उताराकडे वाहते हा निसर्गाचा नियम आहे. भांडवलशाहीत पैसा चढाकडे वाहतो.

दुसरी विहीर कर्जदाराची, आणि ती पहिलीपेक्षा खोल आहे. कार्डाचे बिल मुदतीत पूर्ण भरले तर व्याज लागत नाही. पूर्ण भरता आले नाही, की महिना साडेतीन टक्के किंवा त्याहूनही थोडे अधिक, म्हणजे वर्षाला ४२ ते ४५ टक्के व्याज चालू होते. एखाद्या कामगाराच्या कार्डावर पन्नास हजार रुपये थकले आहेत आणि बिलावर भरावयाची ‘किमान रक्कम’ अडीच हजार छापलेली आहे, असे समजा. महिन्याचे व्याज १,७५० रुपये. त्यावर १८ टक्क्यांनी वस्तू व सेवा कर ३१५ रुपये. म्हणजे त्याने घाम गाळून भरलेल्या अडीच हजारांपैकी मुद्दल कमी होते अवघे ४३५ रुपयांनी. पुढच्या महिन्यात आणखी एखादी खरेदी झाली, की हा ओहोळही आटतो. तो तरुण मुळीच बेजबाबदार नसतो. ठेकेदाराने पगार पंधरा दिवस लांबविला, घरात कुणी आजारी पडले, पाळी बंद झाली, एवढे कारण पुरते. ज्याच्या नोकरीला शाश्वती नाही त्याला ‘वेळेवर भरले तर फुकट’ असे सांगणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला ‘बुडाला नाहीस तर पाणी छान आहे’ असे सांगण्यापैकी आहे.

म्हणून पॉइंटांवर विमानप्रवास करणाऱ्याचे तिकीट बँक काढत नाही. ते रोखीने खरेदी करणारी बाई आणि किमान रक्कम भरत राहिलेला कामगार हे दोघे मिळून काढतात.

एकाच नावाची दोन कार्डे

कागल तालुक्यातील शेतकऱ्याला ‘क्रेडिट कार्ड’ हा शब्द अपरिचित नाही. १९९८ साली सुरू झालेल्या किसान क्रेडिट कार्डाने तो खेड्याखेड्यांत नेला. त्या कार्डावर पॉइंट मिळत नाहीत, विमानतळावरचा आरामकक्ष उघडत नाही आणि ते मित्राला घ्यायला लावले म्हणून कोणी बक्षीस देत नाही. परंतु त्यावरील पीककर्जाचा दर केंद्राच्या सवलतीने सात टक्के आणि वेळेवर फेडणाऱ्याला चार टक्के असा बसविलेला आहे. महाराष्ट्रात २०२१ च्या निर्णयाने तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला ते शून्य टक्क्यांनी पडावे अशी व्यवस्था झाली. त्या कर्जाला पिकाचे भान आहे. आडसाली ऊस तोडीला यायला सोळा-अठरा महिने लागतात, हे ध्यानात घेऊन त्याची मुदत आखली जाते.

दुसऱ्या कार्डाला ना पिकाचे भान, ना पगाराचे. त्याचे घड्याळ महिन्याचे आहे. नाव एकच, परंतु एक कार्ड उत्पादनासाठी दिलेले कर्ज आहे आणि दुसरे उपभोगाला लावलेले आमिष. १९६९ साली चौदा आणि १९८० साली आणखी सहा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा बँकेचा पैसा शेतकऱ्याच्या, कारागिराच्या, लहान उद्योजकाच्या हाती जावा हा त्यामागचा घोषित हेतू होता. आज पीककर्जासाठी आलेल्या शेतकऱ्याला सात-बारा, नकाशा आणि थकबाकी नसल्याचे दाखले गोळा करीत हेलपाटे घालावे लागतात, आणि त्याच्याच मुलाला मोबाइलवर काही मिनिटांत चाळीस टक्क्यांचे कर्ज मंजूर होते. हा वेग यंत्राचा चमत्कार आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी तो वेग पहिल्या कार्डाच्या वाट्याला का येत नाही, याचे उत्तर द्यावे.

जामीन, मुकादम आणि दलाल

येथवरचा हिशेब पैशाचा झाला. परंतु रेफरलच्या व्यवहारात पैशाहून मोलाची एक वस्तू विकली जाते. ती म्हणजे माणसाचा शब्द.

कोल्हापूरच्या परिसरात कर्ज आणि शब्द यांचे नाते जुने आहे. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले आणि १८८४ साली कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेलेले राजर्षी शाहू यांच्या कारकिर्दीत या संस्थानात सहकाराची पायाभरणी झाली. त्याआधी १८७५ साली पुणे-नगर भागातील शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे काढून त्यांची होळी केली होती. एकटा शेतकरी सावकारापुढे उभा राहू शकत नाही, चार शेतकरी एकमेकांची पत एकत्र करतील तर राहू शकतील, एवढाच सहकारी पतपेढीचा विचार होता. त्या विचाराचा कणा म्हणजे जामीन. गावातल्या सोसायटीत किंवा पतसंस्थेत कर्ज घ्यायचे तर दोन माणसांनी सही करावी लागते. ती सही करणारा सांगत असतो की या माणसाला मी ओळखतो, हा फेडील, आणि न फेडल्यास मी फेडीन. म्हणूनच जामीन राहताना माणूस दहादा विचार करतो. मित्राला ‘एवढं कर्ज कशाला काढतोस?’ असे विचारतो, प्रसंगी नकार देऊन वाईटपणा घेतो. त्या वाईटपणात त्या मित्राचे हित असते.

रेफरलची लिंक पाठविणाराही ओळखीवरच काम करतो. परंतु त्याच्या ओळखीची दिशा उलटी आहे. कर्ज बुडाले तर त्याला एक रुपयाचीही तोशीस नाही. कर्ज झाले, एवढ्यावरच त्याचे बक्षीस पिकते. जामिनाला मित्राच्या सावधपणात रस होता, याला मित्राच्या बेसावधपणात रस आहे. अर्ज करू नकोस, तुला हे पेलणार नाही, असे खरेपणाने सांगितले तर त्याचे पॉइंट बुडतात. मैत्रीचा सल्ला आणि स्वतःचा लाभ हे परस्परांविरुद्ध उभे करणारी ही रचना आहे, आणि तिच्यात माणूस वाईट असावा लागत नाही. चांगला माणूसही तिच्यात सापडून हळूहळू आपल्याच माणसांकडे गिऱ्हाईक म्हणून पाहू लागतो.

ऊसतोडणीच्या मुकादमाशी याची तुलना करून पाहण्यासारखी आहे. मुकादम मजुरांच्या जोड्या जमवतो, त्यांना उचल देतो आणि कमिशन घेतो. त्या पद्धतीतील वेठ आणि अन्याय यांविषयी या चळवळीने आजवर पुष्कळ लिहिले आहे आणि तिचे समर्थन कोणी करणार नाही. तरीही मुकादमाला निदान कारखान्याशी केलेल्या कराराची जोखीम असते. टोळी पळाली तर त्याची मान अडकते. रेफरलचा दलाल हा मुकादमाहूनही सुटा आहे. कमिशन त्याचे, जोखीम दुसऱ्याची आणि नाव मैत्रीचे.

बँकेला हे का परवडते, हेही समजून घेतले पाहिजे. अनोळखी विक्रेत्याचा फोन माणूस कापतो. मावसभावाचा निरोप तो वाचतो. हा विश्वास भावकीने, शेजाराने, एकत्र काढलेल्या पाळ्यांनी, उरुसात आणि तालमीत वर्षानुवर्षे घडविलेला असतो. तो घडविण्यात बँकेने एक पैसा खर्च केलेला नाही. तयार विश्वास ती काही हजार पॉइंटांना विकत घेते. शिवाय अधिकृत विक्री-प्रतिनिधीला रिझर्व्ह बँकेने आचारसंहिता लावलेली आहे. त्याने सकाळी दहा ते सायंकाळी सात याच वेळेत संपर्क साधावा, असा २०२२ च्या निर्देशांचा दंडक आहे. मित्र म्हणून रात्री अकरा वाजता आलेल्या लिंकला असा कोणता दंडक लागणार? विक्री झाली, विक्रेता मात्र कागदावर कोठेच नाही, अशी ही सोय आहे.

खासगी टाकसाळ

ज्या पॉइंटांसाठी हा खटाटोप, ते तरी काय आहेत? ते पैसे नव्हेत. त्यांवर कोणाची हमी नाही, त्यांना व्याज नाही, आणि त्यांचे मोल किती हे देणाऱ्याच्या मर्जीवर आहे. आज जेवढ्या पॉइंटांत मुंबईचे तिकीट मिळते तेवढ्यात उद्या ते मिळेलच असे नाही. विमान कंपन्यांनी अशा योजना १९८१ च्या सुमारास अमेरिकेत सुरू केल्या, तेव्हा वारंवार प्रवास करणाऱ्याला धरून ठेवणे एवढाच हेतू होता. पुढे कंपन्यांना उमगले की आसने विकण्यापेक्षा बँकांना पॉइंट विकणे अधिक किफायतशीर आहे. २०२० च्या साथीत विमाने जमिनीवर उभी असताना युनायटेड या अमेरिकी कंपनीने आपल्या पॉइंटांच्या योजनेच्या तारणावर ६ अब्ज ८० कोटी डॉलर उभे केले. त्या योजनेची अंदाजित किंमत खुद्द कंपनीच्या त्या वेळच्या बाजारमूल्याहून मोठी होती. विमाने, वैमानिक, कामगार या सगळ्यांपेक्षा न झालेल्या प्रवासाचे वचन अधिक किमतीचे ठरावे, हे आजच्या वित्तीय भांडवलाचे नेमके चित्र आहे.

आपल्याकडील अनुभव फार निराळा नाही. २०१२ साली किंगफिशरची विमाने थांबली आणि प्रवाशांनी वर्षानुवर्षे साठविलेल्या पॉइंटांना अर्थ उरला नाही. सरकारने नोट छापली तर तिच्यामागे राज्याची हमी असते, कंपनीने पॉइंट छापला तर त्याच्यामागे कंपनीची सोय असते. अशा नाण्यासाठी माणसाने आपला शब्द मोडीत काढावा काय?

सावकाराला लगाम, बँकेला मोकळे रान

सावकारी विरुद्ध महाराष्ट्राने कायदे केले आहेत. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली परवानाधारक सावकाराने शेतीच्या तारण कर्जावर ९ आणि विनातारण कर्जावर १२ टक्के, तर इतर तारण कर्जावर १५ आणि विनातारण कर्जावर १८ टक्के एवढाच दर घ्यावा, असे बंधन घालण्यात आले. मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करू नये, हा दामदुपटीचा जुना संकेतही कायद्याने सावकारावर लादला. बँका या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. त्यामुळे विनातारण कर्जावर एकोणीस टक्के घेणारा सावकार गुन्हेगार ठरतो आणि बेचाळीस टक्के घेणारे कार्ड प्रतिष्ठेचे लक्षण ठरते.

या विसंगतीवर बोट ठेवण्याचा प्रयत्न झाला नाही असे नाही. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने क्रेडिट कार्डावर तीस टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निर्णय दिला. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. प्रकरण सोळा वर्षे चालले आणि २० डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयाने आयोगाचा निर्णय रद्द केला. व्याजदर हा रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतील विषय आहे, आयोगाचा नव्हे, असा त्या निकालाचा आशय आहे. त्याआधीच १९८४ साली बँकिंग नियमन कायद्यात घातलेल्या कलमाने, व्याज जाचक आहे या कारणावरून बँकेचे कर्जव्यवहार पुन्हा उघडण्यास न्यायालयांना मज्जाव केलेला आहे. म्हणजे न्यायालय म्हणते की रिझर्व्ह बँकेकडे जा, आणि रिझर्व्ह बँक म्हणते की दर अवाजवी नसावा, परंतु वाजवी म्हणजे किती हा आकडा सांगत नाही. कर्जदाराने जावे कोणाकडे?

दुकानदाराच्या कापणीबाबतही हीच तऱ्हा आहे. डेबिट कार्डासाठी रिझर्व्ह बँकेने २०१८ पासून लहान दुकानदारांना ०.४० आणि इतरांना ०.९० टक्क्यांची कमाल मर्यादा घातली. २०२० च्या आरंभापासून यूपीआयवरची कापणी शून्य झाली. क्रेडिट कार्डाला मात्र अशी सर्वसाधारण मर्यादा घालण्यात आली नाही. युरोपीय संघाने २०१५ साली क्रेडिट कार्डावर बँकांनी परस्परांत घ्यावयाच्या शुल्काला ०.३ टक्क्यांचे कुंपण घातले, तेव्हा तेथील पॉइंटांच्या योजना आपोआप आक्रसल्या. कुंपण घातले की पॉइंट सुकतात, यावरून त्यांना पाणी कोठून मिळत होते ते सिद्ध होते.

दोन आक्षेप

यावर दोन आक्षेप घेतले जातील, आणि त्यांना उत्तर दिले पाहिजे. पहिला असा, की ज्याला शिस्त आहे त्याने वेळेवर बिल भरून पॉइंट मिळविले तर त्यात त्याचा दोष काय? दोष नाही. कोणा एकाने तिकीट काढले म्हणून तो शोषक ठरत नाही, आणि कार्ड मोडून फेकल्याने व्यवस्था बदलत नाही. परंतु व्यक्तीच्या निर्दोषपणाने व्यवस्था निर्दोष होत नाही. शिस्तीच्या माणसाला लाभ मिळतो तो शिस्तीचे बक्षीस म्हणून मिळत नाही. दुसऱ्याची शिस्त मोडेल या हिशेबावर तो दिला जातो. उद्या सगळेच कार्डधारक मुदतीत पूर्ण बिल भरू लागले तर या योजना आहेत त्या रूपात टिकणार नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. ज्या सहकाराचे गुणगान केले जाते, त्या सहकाराने तरी सामान्य माणसाचे काय भले केले? पतसंस्था बुडाल्या, ठेवीदार रडले, संचालकांनी आपल्याच सोयऱ्यांना कर्जे वाटली आणि जामीन राहिलेल्या गरिबाच्या दारात जप्ती आली. हा आक्षेप खरा आहे आणि तो झाकून चालणार नाही. गटातटाच्या राजकारणासाठी प्रसिद्ध असलेल्या कागल तालुक्यात सोसायटीचे कर्ज आणि मतपेटी यांचे नाते काय असते, हे कार्यकर्त्यांना सांगावयास नको. जामिनाची पद्धतही निर्दोष नव्हती. बाईला जामीन मिळत नसे, दलिताला मिळत नसे, आणि ‘वर’ ओळख नसलेल्याला आजही मिळत नाही. ज्या तरुणाला सोसायटीच्या सचिवाने तीनदा परत पाठविले, त्याला मोबाइलवरचे कार्ड मानाचे वाटले तर तो दोष त्या तरुणाचा नव्हे. क्रेडिट कार्डाने जी पोकळी भरली ती सहकारातील सत्ताधाऱ्यांनीच निर्माण केली होती. मात्र याचा निष्कर्ष सहकार सोडा असा निघत नाही. सहकार परत मिळवा, असा निघतो. बुडालेल्या पतसंस्थेच्या संचालकाला सभासद निदान वार्षिक सभेत उभा करून जाब विचारू शकतो. कार्ड नाकारणाऱ्या किंवा व्याज लावणाऱ्या संगणकाची सभा कोठे भरते?

कार्यकर्त्यांचे काम

मग करावयाचे काय? केवळ उपदेश करून हा मोह आवरणार नाही. चार गोष्टी हाती घेण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट, मागणी. क्रेडिट कार्डाच्या व्याजाला रिझर्व्ह बँकेने आकड्यात कमाल मर्यादा घालावी आणि ती ठरविताना राज्याने सावकाराला घातलेली मर्यादा डोळ्यांपुढे ठेवावी. दुकानदाराकडून होणाऱ्या कापणीला डेबिट कार्डाप्रमाणे कुंपण घालावे. ओळखीच्या माणसाला कर्ज घ्यावयास लावल्याबद्दल बक्षीस देणाऱ्या योजना बंद कराव्यात. निदान अशी लिंक पाठविणाऱ्याला किती मोबदला मिळणार, हे घेणाऱ्याला अर्जाच्या पहिल्याच ओळीत सांगणे बंधनकारक करावे. १९७८ साली संसदेने साखळी पद्धतीने पैसा फिरविणाऱ्या योजनांवर बंदी घालणारा कायदा केला. कार्डाचे रेफरल त्या कायद्यातील साखळी ठरत नसेल, परंतु माणसामागून माणूस ओढण्याची वृत्ती तीच आहे, आणि संसदेने त्या वृत्तीला एकदा ओळखले होते याचे स्मरण करून द्यावे.

दुसरी गोष्ट, हक्कांची माहिती. न मागितलेले कार्ड देण्यास २०२२ च्या निर्देशांनी बंदी केली आहे. असे कार्ड सुरू करून बिल लावले तर ते रद्द करून त्याच्या दुप्पट दंड बँकेने द्यावयाचा आहे. सर्व येणे चुकते केल्यावर कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पुरी झाली नाही, तर दर दिवसाला ५०० रुपये द्यावयाचे आहेत. वसुलीसाठी धमकावणे, नातेवाईकांत बदनामी करणे हे नियमबाह्य आहे आणि त्याविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. ही माहिती औद्योगिक वसाहतीच्या फाटकावर मराठीत छापलेल्या पत्रकाने पोहोचवावी. ज्याच्यावर थकबाकीचा बोजा आहे तो लाजेने गप्प बसतो. त्याच्या लाजेवरच वसुली चालते. संघटनेने ती लाज प्रथम दूर केली पाहिजे.

तिसरी गोष्ट, मजुरीचा लढा. कंत्राटी कामगाराचा पगार ठरलेल्या तारखेला आणि पुरेसा झाला तर निम्म्या कार्डांची गरजच उरणार नाही. उधारी हा अपुऱ्या मजुरीचा काढलेला उतारा आहे. तो उतारा मालकाला फार सोयीचा असतो, कारण त्यामुळे कामगार वाढीव पगार मागण्याऐवजी वाढीव मर्यादा मागू लागतो.

चौथी गोष्ट, पर्याय. कामगारांच्या पगारदार पतसंस्था, बायकांचे बचत गट, गावची सोसायटी यांत शिरून तेथील कारभार उघडा करणे, तातडीच्या अडचणीला लहान रकमेचे स्वस्त कर्ज चार दिवसांत मिळेल अशी व्यवस्था आग्रहाने करवून घेणे, आणि जात, बाईपण किंवा गट पाहून जामीन नाकारला जाणार नाही हे पाहणे. हे काम सभेच्या भाषणाइतके चटकदार नाही. वह्या तपासाव्या लागतात, वार्षिक सभेत प्रश्न विचारावे लागतात, आपल्याच गटाच्या संचालकाशी वैर घ्यावे लागते. परंतु सहकार जेव्हा जिवंत होता तेव्हा तो अशाच कंटाळवाण्या कामांनी जिवंत होता.

या भागातील माणूस एकमेकांच्या शब्दावर उभा राहिलेला आहे. पावसाने ओढ दिली, कारखान्याने बिल थकविले, नदीला पूर आला, तर शेजाऱ्याच्या शब्दावर दुकानदार माल देतो, भावकीच्या शब्दावर सोसायटी कर्ज देते. गरिबापाशी दुसरे भांडवल नसते, हेच असते. ते भांडवल पॉइंटांच्या भावाने विकले गेले तर एखाद्याचा विमानप्रवास घडेलही. पण पुढच्या अडचणीच्या वेळी तो ‘माझ्यासाठी सही कर’ म्हणून मित्राच्या दारात जाईल, तेव्हा मित्र त्याला विचारील की यात तुला किती मिळणार आहे. हा प्रश्न विचारण्याची पाळी माणसांवर येऊ नये, यासाठी आज संघटनेने उभे राहिले पाहिजे.